जुन्या जीपमधील इंजिन व गिअरबॉक्स बदल : यांत्रिक साखळी, कोकणातील वापर आणि कायदा

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या ग्रामीण दळणवळणाच्या इतिहासात जीप या वाहनाचे स्थान महत्त्वाचे आहे. सरकारी खाती, साखर कारखाने, बागायतदार आणि प्रवासी वाहतूक करणारे छोटे व्यावसायिक अशा अनेकांनी या वाहनाचा दीर्घकाळ उपयोग केला. कोकणात तर डांबरी रस्ता संपून जेथे जांभ्याची पाऊलवाट सुरू होते, तेथपर्यंत पोहोचणारे चारचाकी वाहन म्हणजे जीप, अशी जवळजवळ व्याख्याच झाली होती. यांतील अनेक वाहने आज चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत. त्यांची मूळ इंजिने झिजली, काहींचे सुटे भाग मिळेनासे झाले, तर पेट्रोलवरील इंजिनांचा खर्च परवडेनासा झाला. परिणामी जुन्या जीपच्या सांगाड्यावर दुसऱ्याच वाहनाचे इंजिन व गिअरबॉक्स बसविण्याची प्रथा गॅरेजांतून रूढ झाली.

या प्रथेकडे सामान्यतः ‘दुरुस्ती’ म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, इंजिन-बदल ही दुरुस्ती नसून वाहनाची पुनर्रचना आहे. इंजिन हा एकटा भाग नसून तो गुणोत्तरांच्या एका साखळीचा पहिला दुवा आहे. एक दुवा बदलला की चाकापर्यंतचे आणि पुढे नोंदणीपुस्तकापर्यंतचे सर्व दुवे तपासावे लागतात. हे तपासण्याचे राहून गेल्यास त्याची किंमत चढावर, उतारावर अथवा अपघातानंतरच्या दाव्यात मोजावी लागते. विविध विद्याशाखांच्या अभ्यासकांना हा विषय समजावा या हेतूने यांत्रिक भाग शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडला आहे.

भौगोलिक संदर्भ :

विवेचनासाठी रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगड परिसर समोर ठेवला आहे. मुचकुंदी नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या उत्तर तीरावरील टेकडीवर पूर्णगडचा छोटेखानी किल्ला उभा आहे. खाली मच्छीमारांची वस्ती, उत्तरेस पावस आणि खाडीपुलापलीकडे दक्षिणेस गावखडी अशी या भागाची रचना आहे. जांभ्या दगडाचा उघडा सडा, सड्यावरून खाडीकाठी उतरणाऱ्या वळणावळणाच्या घाट्या, आंब्याच्या कलमांच्या बागांतील कच्चे रस्ते आणि समुद्राची खारी हवा हे येथील चार घटक वाहनाच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. सड्यावर वेग लागतो, घाटीत ओढ लागते, बागेत चारही चाकांची पकड लागते आणि खाऱ्या हवेमुळे लोखंडाचे आयुष्य घटते. इंजिन-बदलाचा विचार या चारही कसोट्यांवर व्हावयास हवा.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

भारतातील जीपचा इतिहास मुंबईत सुरू होतो. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपची जोडणी येथे सुरू केली. पुढे विलीजचे ‘सीजे-३बी’ हे प्रारूप भारतात दीर्घकाळ तयार होत राहिले.

या प्रारूपाचा जन्मच मुळी इंजिन-बदलातून झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये ‘गो-डेव्हिल’ हे सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. त्याच्या दोन्ही झडपा ठोकळ्याच्या बाजूस असत. त्याच घनफळाच्या ‘हरिकेन’ या सुधारित इंजिनात आत घेणारी झडप वरच्या बाजूस नेण्यात आली. शक्ती ७० ते ७५ अश्वशक्तीपर्यंत वाढली. परंतु इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या ‘सीजे-३बी’चे बॉनेटच उंच करण्यात आले. या जीपचा सर्वपरिचित उंच चेहरा हा सौंदर्यदृष्टीचा भाग नसून नव्या इंजिनाला करून दिलेली जागा आहे.

दुसरा टप्पा डिझेलचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि भारतात डिझेल जीपची गरज तीव्र झाली. महिंद्र समूहाकडे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ‘बी-२७५’ ट्रॅक्टरचे तंत्र होते. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातील २३५० घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले. त्यानंतर १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनासाठी परवाना करार झाला. या नावातील ४ हा आकडा सिलिंडरची संख्या, तर ९० हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो. ८३ मिलिमीटरच्या दट्ट्याच्या धावेसह त्याचे घनफळ २११२ घन सेंटिमीटर भरते. १९८० च्या दशकातील ‘एमएम ५४०’ हे प्रारूप याच इंजिनावर धावले. नंतर २४९८ घन सेंटिमीटरचे ‘एक्सडी-३पी’ इंजिन आले.

याच काळात आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीच्या (२००५ पासून फोर्स मोटर्स) ट्रॅक्स गाडीत मर्सिडीज घराण्याचे ‘ओएम-६१६’ डिझेल इंजिन आले. हिंदुस्थान मोटर्सने अॅम्बॅसडरमध्ये इसुझू बनावटीचे इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स आणला. अपघातग्रस्त अथवा मोडीत निघालेल्या अशा गाड्यांतून ही इंजिने भंगारबाजारात येऊ लागली आणि गॅरेजमधील इंजिन-बदलाला कच्चा माल मिळाला. कारखान्याने जे आराखडे आखून केले, ते गॅरेजने लेथ, वेल्डिंग आणि अनुभव यांच्या बळावर केले. दोहोंतील फरक कौशल्याचा नसून तपासणीचा आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

इंजिन, गिअरबॉक्स आणि चाक यांचा संबंध :

इंजिनाचे दोन गुण येथे महत्त्वाचे आहेत. पहिला टॉर्क, म्हणजे दांड्याला मिळणारा पीळ. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दुसरा गुण म्हणजे दर मिनिटाचे फेरे. या दोहोंच्या गुणाकारातून शक्ती ठरते. गिअरबॉक्स शक्ती निर्माण करीत नाही. तो केवळ फेरे कमी करून पीळ वाढवितो किंवा पीळ कमी करून फेरे राखतो. नाण्यांची मोड करावी तसाच हा व्यवहार आहे: एकूण रक्कम तीच, नाणी वेगळी.

‘सीजे-३बी’च्या मूळ तीन गतींच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गतीचे गुणोत्तर २.८०, दुसरीचे १.५५ आणि तिसरीचे १.०० आहे. त्यामागे ट्रान्सफर केस असून तिची ‘लो’ गती २.४६ पट पीळ वाढविते. शेवटी डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ आहे. म्हणजे ‘लो’मधील पहिल्या गतीत इंजिनाचे सुमारे ३७ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो.

आता एक सामान्य समज तपासून पाहू. ‘डिझेल इंजिन लावले की गाडी घाटी अधिक सहज चढते’ असे म्हटले जाते. हरिकेन इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर नोंदविलेला आहे. हे मोजमाप पंखा, जनित्र इत्यादी जोडण्या वगळून घेण्याच्या जुन्या अमेरिकी पद्धतीचे असल्याने प्रत्यक्षात तो काहीसा कमी धरावा. ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा टॉर्क सुमारे १२० न्यूटन-मीटर आहे. डिझेलचा आकडा पेट्रोलपेक्षा कमी आहे, ही बाब अनेकांना अनपेक्षित वाटेल.

उदाहरणादाखल भारासह १६०० किलो वजनाची जीप सहा मीटर अंतरास एक मीटर उंची गाठणाऱ्या घाटीत आहे असे मानू. तिला मागे खेचणारे गुरुत्वबल सुमारे २६१५ न्यूटन भरते. कच्च्या रस्त्याचा रोध वजनाच्या तीन टक्के धरल्यास तो सुमारे ४६५ न्यूटन होतो. एकूण गरज झाली ३०८० न्यूटनची. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर आणि साखळीतील घर्षणामुळे पोहोचणारा पीळ ८५ टक्के मानू. मूळ पेट्रोल इंजिन दुसऱ्या गतीत सुमारे ३१४० न्यूटनची ओढ देते. जीप जेमतेम चढते. त्याच गिअरबॉक्सला ‘एक्सडीपी’ इंजिन जोडल्यास दुसऱ्या गतीत सुमारे २४३० न्यूटनच मिळतात. जीप चढत नाही. चालकाला पहिल्या गतीत यावे लागते, आणि या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गतीला सिंक्रोमेश नसल्याने चालत्या गाडीत ती सहज पडत नाही. भरल्या गाडीने ऐन घाटीत जवळजवळ थांबून गिअर बदलणे म्हणजे काय, हे कोकणातील कोणत्याही चालकास सांगावे लागणार नाही. पर्याय म्हणून ‘लो’ गती वापरावी, तर या रचनेत ती पुढची चाके जोडल्यावरच पडते; पक्क्या डांबरी वळणावर पुढची-मागची चाके अशी बांधली गेल्यास दांड्यांवर व क्रॉसवर अनावश्यक ताण येतो.

हेच इंजिन दुसऱ्या गतीचे गुणोत्तर २.१ असलेल्या चार गतींच्या गिअरबॉक्सला जोडले असे मानल्यास ओढ सुमारे ३२९० न्यूटन होते आणि जीप घाटी चढते. म्हणजे घाटी डिझेलने चढविली नाही. डिझेल आणि त्याला साजेसा गिअरबॉक्स या जोडीने चढविली. मूळ पेट्रोल इंजिनाचे फेरे अधिक मोकळे असल्याने तीन गती पुरत होत्या. डिझेलचा उपयुक्त फेऱ्यांचा पट्टा अरुंद असल्याने पायऱ्या अधिक लागतात. ‘इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घ्यावा’ या मिस्त्रींच्या अनुभवसिद्ध सल्ल्याचे शास्त्रीय कारण हे आहे.

सड्यावरील सरळ रस्त्याचा हिशेब याच्या उलट बाजूचा आहे. चाकाचा परीघ २.२ मीटर धरल्यास ४००० फेऱ्यांना मूळ जीप तिसऱ्या गतीत ताशी सुमारे ९८ किलोमीटर जाते. तिच्यात २४०० फेऱ्यांपर्यंतच चालणारे ट्रॅक्टर घराण्याचे इंजिन बसविले असे मानल्यास वेग ताशी ५९ किलोमीटरवर थांबतो. ०.८५ गुणोत्तराची पाचवी गती असलेला गिअरबॉक्स जोडल्यास तो ६९ पर्यंत जातो. त्याहून अधिक हवे असेल तर डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलणे आले. आणि चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे व मागचे अशी दोन्ही डिफरन्शियल एकाच गुणोत्तराची करावी लागतात. एकच बदलल्यास चारही चाके जोडताच साखळी स्वतःशीच झगडू लागते.

जोडणीतील प्रत्यक्ष अडचणी :

इंजिन व गिअरबॉक्स वेगवेगळ्या बनावटीचे असल्यास त्यांच्यामध्ये जाड लोखंडी पट्टीची अॅडॉप्टर प्लेट बसवावी लागते. येथे मध्यरेषेचे महत्त्व सर्वाधिक आहे. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा आत जाणारा दांडा एका रेषेत नसतील, तर क्लच प्लेट वारंवार जाते, गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग आवाज करू लागते आणि दोष मात्र ‘जुन्या मालाला’ दिला जातो. फ्लायव्हील, क्लच प्लेटच्या खाचा आणि क्रँकमधील लहान बेअरिंग या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

दुसरी अडचण लांबीची. जीपची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेली असते. चार किंवा पाच गतींचा गिअरबॉक्स लांब असल्याने ट्रान्सफर केस मागे सरकते. ‘सीजे-३बी’च्या दोन आसांतील अंतर अवघे ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर असल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट आधीच आखूड असतो. तो आणखी आखूड झाला की त्याच्या सांध्यांचा कोन वाढतो, गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर तुटतात. काही ठिकाणी चार चाकांची यंत्रणाच काढून टाकून हा प्रश्न ‘सोडविला’ जातो. पण तसे केल्यास जीप केवळ नावाची उरते.

तिसरी अडचण वजन व जागेची. डिझेल इंजिनाचा ओतीव ठोकळा जड असतो. त्यामुळे पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते आणि तेलाची टाकी पुढच्या आसावर आपटण्याचा धोका निर्माण होतो. रेडिएटर, पंखा, हवा गाळणी, बॅटरी व स्टार्टर यांचीही क्षमता पाहावी लागते. मूळ विलीज गाड्यांतील ६ व्होल्टची विद्युतयंत्रणा डिझेलच्या जड स्टार्टरला व तापक प्लगना पुरेशी नाही.

चौथी अडचण कोकणाची स्वतःची आहे. नव्या इंजिनाचे फाउंडेशन जुन्या चासीवर वेल्डिंगने बसविले जाते. खाऱ्या हवेत व मुसळधार पावसात वर्षानुवर्षे राहिलेल्या चासीचा पत्रा आतून गंजलेला असतो. बाहेरून रंग चांगला दिसतो. अशा पत्र्यावरील वेल्डिंग काही काळ टिकते आणि मग जोडाच्या कडेनेच पत्रा फाटतो. म्हणून पूर्णगडसारख्या किनारी भागात इंजिन निवडण्यापूर्वी चासी हातोडीने ठोकून तपासणे हा पहिला टप्पा मानला पाहिजे.

उताराचा प्रश्न :

इंजिन-बदलाच्या चर्चेत चढाचा विचार होतो, उताराचा क्वचितच. वरील उदाहरणातील जीप तीच घाटी ताशी २० किलोमीटर वेगाने उतरत असेल, तर रस्त्याचा रोध वजा जाता सुमारे २१५० न्यूटन बल तिला खाली ढकलत असते. वेग वाढू द्यायचा नसेल तर प्रतिसेकंद सुमारे १२ हजार ज्यूल ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते. योग्य खालच्या गतीत इंजिन तिचा मोठा वाटा उचलते. गुणोत्तर उंच असेल तर ती सर्व ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता बनून साठते आणि तापलेल्या ड्रमची पकड कमी होत जाते. शिवाय डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवा अडविणारी झडप नसल्याने निर्वात दाब तयार होत नाही; निर्वातावर चालणारा ब्रेक-साहाय्यक बसवायचा असेल तर स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. वाढलेले वजन, वाढलेला वेग आणि जुनेच ब्रेक ही तीन गोष्टींची बेरीज धोकादायक आहे. तिचा भार केवळ मालकावर पडत नाही. गाडीत बसलेल्या माणसांवर आणि रस्त्याने चालणाऱ्यांवरही पडतो.

कायद्याची चौकट :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ हे या विषयाचे मूळ कलम आहे. २००० मधील दुरुस्तीनंतर या कलमाचा आशय असा झाला की, नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनावर अथवा ऊर्जास्रोतावर वाहन चालविण्यासाठी मान्य रूपांतर संच बसविणे हा त्यातील अपवाद असून तोही विहित अटींच्या अधीन आहे. किमान दहा परिवहन वाहने बाळगणाऱ्या मालकांना इंजिन बदलण्याबाबत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. मात्र तेथेही ‘त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे’ इंजिन हीच अट आहे.

९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळमधील प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही आणि राज्याचे नियम अधिनियमाच्या अधीनच वाचावे लागतील, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुमती नसलेला बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीने बसवून नवा इंजिन क्रमांक नोंदवून घेणे हा सरळ मार्ग आहे. मात्र पेट्रोल ‘सीजे-३बी’मध्ये अन्य कंपनीचे डिझेल इंजिन बसविणे, ते यांत्रिकदृष्ट्या कितीही निर्दोष असले तरी, या चौकटीत बसत नाही. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा इंजिन क्रमांकाची पडताळणी होते आणि जुने बदल पासिंगच्या वेळी उघडे पडतात. अपघात झाल्यास विमा कंपनीस न कळविलेला बदल हा दाव्यातील वादाचा मुद्दा बनतो.

आणखी एक पैलू वारशाचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या वाहनास स्वतंत्र मालिकेतील नोंदणी मिळू शकते. मात्र असे वाहन नियमित अथवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७५ पूर्वीच्या अनेक जीप आज वयाने या वर्गात बसतात. ज्यांचे हरिकेन इंजिन भंगारात गेले, त्या मात्र वयाने पात्र असूनही या दारातून आत जाऊ शकत नाहीत. कमाई करणारी गाडी आणि जपण्याजोगी गाडी यांतील निवड मालकाने इंजिन काढण्यापूर्वीच केलेली बरी.

निष्कर्ष :

१. जीपमधील इंजिन-बदल हा सुट्या भागाचा बदल नसून क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल व ब्रेक या संपूर्ण साखळीची फेरजुळणी आहे. ‘सीजे-३बी’चे उंच झालेले बॉनेट हे त्याचे कारखान्यातीलच उदाहरण होय.

२. डिझेल म्हणजे अधिक ओढ हा समज सरसकट खरा नाही. घाटीतील ओढ ही इंजिनाचा टॉर्क आणि निवडलेले गुणोत्तर यांच्या गुणाकारातून ठरते. म्हणून इंजिन व गिअरबॉक्स यांची निवड एकत्रच व्हावी.

३. किनारी भागात चासीची गंजतपासणी आणि उतारावरील ब्रेकक्षमता हे दोन निकष इंजिनाच्या निवडीआधी येतात.

४. आजच्या कायद्यात त्याच बनावटीच्या व प्रकारच्या इंजिनाचा परवानगीसह बदल आणि मान्य रूपांतर संच यांपलीकडे फारसा वाव नाही. मूळ इंजिनाचे पुनर्निर्माण हा पर्याय सुरुवातीस महाग वाटला, तरी नोंदणी, विमा व वारसा या तिन्ही दृष्टींनी तो अधिक सुरक्षित ठरतो.

५. गॅरेजमधील मिस्त्रींकडे या विषयाचे मोठे अनुभवज्ञान आहे, परंतु ते लिखित स्वरूपात नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांनी अशा कारागिरांसमवेत गुणोत्तरांचे सोपे तक्ते, मध्यरेषा तपासण्याच्या पद्धती व कायद्याची माहिती मराठीतून तयार केल्यास ते ज्ञान टिकेल आणि त्याला तपासणीची जोडही मिळेल. पूर्णगडच्या घाटीत भरल्या गाडीने चढणाऱ्या व उतरणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी या जोडणीची गरज आहे.